ज्येष्ठा अकोल्याला, कनिष्ठा अमरावतीला

भाद्रपदात महालक्ष्म्या घरात घेताना दारात सवाल-जवाब करायची रीत वऱ्हाडात पुष्कळ घरांत आहे. मुखवटा हातात घेतलेली सून उंबऱ्याबाहेर उभी राहते. आतून घरातली वडीलधारी बाई विचारते, कोण आलं, कशाच्या पावलानं आलं, काय घेऊन आलं. बाहेरची मग सोन्याच्या पावलांचं, धनधान्याचं नाव घेते. अचलपूरच्या मैनाबाईच्या घरात मात्र सोन्याचं नाव निघत नसे. तिथले सवाल निराळेच होते.

“कोण आलं?”

“लेक आली.”

“कुठून आली?”

“सासरहून आली.”

“कोणासंगं आली?”

“बहिणीसंगं आली.”

एवढं झालं की आतून मैनाबाई म्हणायची, “या. माय वाट पाहून राहिली.” ते वाक्य कानावर आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, मग हातातल्या पितळी मुखवट्यानं मनगटं का दुखेनात.

दुर्गाबाई या घरात थोरली सून म्हणून आली तेव्हा चौदा वर्षांची होती. पहिल्याच भाद्रपदात तिच्या हाती ज्येष्ठेचा मुखवटा दिला, आणि पोरीनं माहेरच्या सवयीनं ठणकावून सांगितलं, सोन्याच्या पावलानं आली! आतून आवाज नाही.  मग मैनाबाई स्वतः उठून आली आणि म्हणाली, सोनं राहू दे बाप्पा, बहीण आणली का ते सांग. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दुर्गेच्या कानशिलापर्यंत लाली चढली, पण जवाब जन्माचे पाठ झाले.

सवाल असे का, हे तिनं विचारलं नाही. सासूला काही विचारायचं म्हणजे त्या काळी वाघाच्या जाळीत हात घालण्यासारखं होतं, आणि मैनाबाई तर नावाची मैना. बोलायला लागली की गावाच्या वेशीवरच्या दुल्हा दरवाजापर्यंत ऐकू जाई. नवरा, नत्थुजी, देवमाणूस. कोणी शेतातून कापसाच्या पऱ्हाट्या उपटून नेल्या तरी म्हणणार, त्याच्या घरी चूल पेटत नसंल. त्यामुळं शेत पाहायचं मैनाबाईनं, गडी सांभाळायचे मैनाबाईनं, कापूस वेचणाऱ्या बायांच्या भांडणात मधे पडायचं तेही तिनंच. कोणाची सून अडली की कंदील घेऊन हीच पुढं. अर्ध्या पुऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोट्टी तिच्या हातावर जन्मली होती, आणि मोठी झाल्यावर तिच्याच शिव्या खात होती. बाया तिला ‘मैनामाय’ म्हणत. तोंडानं फाटकी, मनानं गाईसारखी, असं तिच्याबद्दल सगळे म्हणायचे आणि ते अगदी खरं होतं.

तिला स्वतःला नऊ लेकरं झाली आणि जगले दोन मुलगे. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत तर दोन दिवसांच्या अंतरानं दोघं गेली, एक मुलगा आणि एक मुलगी. जगलेल्यांतला थोरला, महादेव, तेव्हा अंगावर पीत होता, म्हणून रडायलाही तिला सवड झाली नाही, असं ती एकदाच बोलली होती. मोठ्या दोघींच्या, ज्येष्ठा-कनिष्ठेच्या, पुढं त्यांची दोन लेकरं मांडायची रीत आहे ना, वीतभर उंचीची, एक मुलगा, एक मुलगी? ती दोन पिल्लं मात्र ती स्वतः मांडायची. त्यांचं अंगडं-टोपडं दर साली नवं शिवायची आणि सुनांना हात लावू द्यायची नाही.

नत्थुजी एकोणपन्नास साली गेले. तेव्हापासून मैनाबाईनं महालक्ष्म्यांपुढं यायचं सोडलं. विधवेनं पूजेत पुढं व्हायचं नाही, ही रीत. ती चुलीपाशी बसे, तिथूनच सवाल विचारी, आणि सोळा भाज्या, आंबील, पुरण, फुलोऱ्याच्या तळलेल्या वेण्या-फण्या सगळं तिच्या नजरेखालून जाई. ते तीन दिवस घरात पाय ठेवायला जागा नसे. बाकीचं सालभर मुलगे आपापल्या गावी. थोरला महादेवराव अकोल्यात वकील झाला, धाकटा देवमन अमरावतीला शाळामास्तर. चुलीवर भात एकटीपुरता शिजत होता, पण भाद्रपद आहे म्हणून मैनाबाई कुरकुरत नव्हती. दिवाळी झाली की ती पुढच्या महालक्ष्म्यांचे गहू निवडायला लागे, यात सगळं आलं.

सत्तावन्न साली वाटणी झाली. भांडण नाही, तंटा नाही. महादेवरावाला आपल्या न्यायबुद्धीचा फार अभिमान. नदीकडचं शेत तुझं, गावाकडचं माझं, घर मायच्या हयातीत मायचं, असं ओसरीवर बसून तासाभरात आटोपलं. गाडं अडलं ते मुखवट्यांपाशी. अकोल्याच्या रामदासपेठेत महादेवरावानं नवं घर बांधलं होतं आणि दुर्गाबाईला वाटत होतं, आता आपल्या घरी महालक्ष्म्या बसाव्यात. दर साली पोराबाळांना घेऊन मूर्तिजापूरला उतरा, त्या छोट्या रुळांच्या आगगाडीत कोंबून घ्या, अचलपुरात उतरून सासूच्या हाताखाली राबा. वीस वर्षं झाली होती. तिकडं जमुनालाही, म्हणजे देवमनच्या बायकोला, तसंच वाटत होतं. दोन्ही सुना बोलत नव्हत्या, पण भांडी जरा जोरात वाजत होती.

आणि इथं दुर्गाबाईनं एक चूक केली. वाटणीच्या आदल्या दिवशी, नवऱ्याला जेवायला वाढता वाढता ती म्हणाली, दोन भाऊ आहेत आणि दोन मुखवटे आहेत. थोरल्याला ज्येष्ठा, धाकट्याला कनिष्ठा. कमी पडेल तो ज्यानं त्यानं कासाराकडून घडवून घ्यावा. बोलायला बरं वाटलं. वकिलालाही ते पटलं, आणि इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी ओसरीवर त्यानं ते स्वतःचंच म्हणून सांगितलं. पुढं तर पक्षकारांनाही सांगत असे, पाहा, वाटणी अशी करावी.

सगळ्यांना वाटलं, आता मैनाबाई तोंड सोडणार. दुर्गाबाई पदर सावरून तयारीत उभी होती.  पण मैनाबाई भिंतीला टेकून बसली होती, तशीच बसून राहिली. मुखवटे धोतराच्या पानांत गुंडाळून झाले, मुखवट्यांखालची धडं, म्हणजे कोथळ्या, गाडीत चढल्या, तेव्हा एवढंच म्हणाली, “लेकरं माझ्यापाशी राहू द्या.”

वीतभर पितळेची ती दोन पिल्लं. राहू दे की! दोघं भाऊ हसून हो म्हणाले. अशा रीतीनं ज्येष्ठा अकोल्याला गेली, कनिष्ठा अमरावतीला गेली, आणि पोरं म्हातारीपाशी अचलपुरात राहिली. भल्याभल्यांची अक्कल कधीकधी चरायला जाते म्हणतात, ती अशी.

त्या भाद्रपदात अकोल्याचं घर नुसतं लखलखत होतं. कासारानं कनिष्ठा सुरेख घडवली होती, गाल गोल, डोळे काळेभोर. जुन्या ज्येष्ठेच्या हनुवटीवर खोक होती. कोण्या साली कोण्या सुनेच्या हातून पडली होती म्हणे. दुर्गाबाईनं शेजारच्या वकिलीणबाईंना सवाल शिकवून आत बसवलं आणि मुखवटा घेऊन दारात उभी राहिली. कोण आलं, लेक आली. कुठून आली, सासरहून आली. कोणासंगं आली?

दुर्गाबाईनं बाजूला पाहिलं. डावीकडं तिची भाची नवी कनिष्ठा घेऊन उभी होती. कासाराकडून परवा आणलेली, अजून तिला चिंचेनं घासल्याचा वास होता. हिला बहीण कशी म्हणावी? शेवटी पुटपुटली काहीतरी. वकिलीणबाईंना चौथं वाक्य आठवलं नाही, त्या नुसतंच या या म्हणाल्या. तीन दिवस झकास पार पडले, जेवणाऱ्यांनी बोटं चाटली, पण दुर्गाबाई जाता-येता त्या दोघींकडं पाही आणि तिला वाटे, बसच्या बाकावर शेजारी बसलेल्या दोन परक्या बाया आहेत ह्या, एकमेकींना गावही विचारलं नाही अजून.

मैनाबाई आली नव्हती. दोन्ही मुलांनी बोलावलं, महादेवराव स्वतः जाऊन आला. तिनं सांगितलं, त्याच्याकडं गेली तर यानं मनात धरावं, याच्याकडं गेली तर त्यानं. त्यापेक्षा मी आपल्या घरी बरी. असं एक साल नाही, सहा सालं. म्हातारी हट्टी आहे, असं दोन्ही गावांत ठरून गेलं, आणि तसं ठरलं की माणसाला सुटल्यासारखं वाटतं. दुर्गाबाईलाही वाटलं. दिवाळीला, संक्रांतीला ती सासूला भेटून येई, फराळ देई, डोळ्यांचं विचारी. मैनाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. भाद्रपदाचा विषय दोघींनीही कधी काढला नाही.

त्रेसष्टच्या आषाढात दुर्गाबाई अचलपूरला गेली ती सासू पडली म्हणून. फार लागलं नव्हतं, गुडघा सुजला होता. चार दिवस राहिली. घर तीन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं, सारवून लख्ख. पण कोपऱ्यातलं जातं झाकून ठेवलेलं, पाटे-वरवंटे पालथे, आणि उतरंडीच्या खालच्या गाडग्यांवर धूळ. एका फळीवर ती दोन पिल्लं बसलेली, अंगावर गेल्या सालचं अंगडं. दुर्गाबाई पाणी भरायला विहिरीवर गेली तेव्हा शेजारची पार्बताबाई दोर ओढता ओढता बोलायला लागली. पार्बताबाई मैनाबाईपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, तिच्याच माहेरच्या गावची, आणि पोटात काही न ठेवणारी.

तिनं सांगितलं ते असं. महालक्ष्म्यांचे तीन दिवस बुढी दार लावत नाही. पहिल्या दिवशी दिवस कलला की उंबऱ्यावर पाणी शिंपडते, कुंकवाची पावलं काढायची तिला रीत नाही म्हणून नुसती हळद टाकते, आणि आत जाऊन चुलीपाशी बसते. मग विचारते, कोण आलं? थांबते. कुठून आली? थांबते. कोणासंगं आली? पुन्हा थांबते. मग आपणच म्हणते, या, माय वाट पाहून राहिली. मग उठून दोन पिल्लं पाटावर मांडते आणि त्यांना आंबील भरवते. पार्बताबाईनं एकदा हटकलं होतं, विधवेला हे चालतं का म्हणून. तर मैनाबाई कडाडली, पूजा कोण करून राहिलं? लेकरायले जेवू घालाले कोणाची बंदी हाये?

“एक डाव मले राहवलं नाई,” पार्बताबाई म्हणाली. “तिनं इचारलं कोण आलं, तं मी भिंतीआडून बोलली, मी आली माय, पार्बता. तं मले म्हणते, तुले नाई इचारलं.”

दुर्गाबाईला हसू आलं आणि हसता हसता तिचे डोळे भरले. पार्बताबाईनं घागर काठावर ठेवली आणि पुढचं सांगितलं, जे वीस-पंचवीस वर्षं या घरात नांदून दुर्गाबाईला ठाऊक नव्हतं. मैनाबाईला एक बहीण होती, गोदाबाई, पाठचीच. दोघींची लग्नं एकाच मांडवात झाली, ही नऊ वर्षांची, ती सात. ही इकडं एलिचपुराला, म्हणजे या अचलपुरालाच, आली, ती तिकडं वर्धा नदीच्या काठाला गेली. भेट व्हायची ती माहेरच्या महालक्ष्म्यांना, सालातून एकदा. मायबाप गेले, भाऊ वेगळे झाले, आणि माहेरचं आवतन बंद झालं. मग दोघींची एकदाच गाठ पडली, कौंडण्यपूरच्या जत्रेत. गर्दीत ही या अंगाला, ती त्या अंगाला, दोघींच्या कडेवर पोरं. हात हलवून ओरडून बोलल्या काय तेवढं. पुढच्या साली गोदाबाई बाळंतपणात गेली. मैनाबाईची सासू वारली आणि सवाल विचारायचं तिच्याकडं आलं, तेव्हा तिनं सोन्याची पावलं काढून टाकली आणि बहिणीचा सवाल घातला. घरातल्या कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

दुर्गाबाई विहिरीवरून घरी आली ती घागर अर्धीच भरून. सासू खाटेवर बसून चाचपत वाती वळत होती. दुर्गाबाईला वाटलं आत्ताच सांगावं, ती वाटणी माझी होती, तुमच्या लेकाची नव्हे. पण तिनं घागर उतरवली आणि चुलीकडं वळली. सहा सालं या बाईनं रिकाम्या दाराला सवाल विचारले आणि आपण अकोल्यात आल्यागेल्याला पुरणपोळीवर तूप वाढत होतो, या विचारानं तिला अन्न गोड लागेना.

अकोल्याला परतल्यावर तिनं नवऱ्यापाशी विषय काढला. महादेवराव म्हणाला, वाटणी झाली म्हणजे झाली, देव काय बोचक्यात बांधून न्यायची वस्तू आहे, लोक काय म्हणतील. आणि युक्ती माझी होती, कोणावर अन्याय झाला नाही. तेव्हा दुर्गाबाईनं त्याला सांगितलं की युक्ती तुमची नव्हतीच, भाताचा दुसरा घास तुमच्या हातात होता तेव्हा मी सांगितली होती. वकिलानं हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर.

त्या भाद्रपदात अकोल्याच्या घरी महालक्ष्म्या बसल्या नाहीत. दुर्गाबाईनं जुन्या लुगड्यात ज्येष्ठा गुंडाळली, टोपलीत ठेवली आणि आदल्या दिवशीच अमरावतीला जमुनाच्या दारात उभी राहिली. मनात धाकधूक होती. जमुनाच्या घरी पोरं लहान, फुलोरा बांधून झालेला, तिला काय म्हणून सांगायचं, की तुझी मांडणी मोडून चल? जमुनानं सगळं ऐकून घेतलं. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, मोठीच्या जागी नवी बसवताना दर साली माझं मन घेत नाही बाई, पण थोरल्या तुम्ही, तुम्ही कधी म्हणता याची वाट पाहत होते. म्हणजे दोघीही सहा सालं एकमेकींच्या तोंडाकडं पाहत बसल्या होत्या! आता याला काय म्हणावं?

दुसऱ्या दिवशी दोघी अचलपूरला लागूनच असलेल्या परतवाड्याच्या बसमध्ये चढल्या, मांडीवर एकेक टोपली. कंडक्टर म्हणाला, बाई, भांडीकुंडी टपावर टाका. जमुना त्याला म्हणाली, ह्या टपावर बसणाऱ्यांपैकी नव्हेत. लुगड्याची घडी बाजूला करून तिनं मुखवट्याच्या नाकातली नथ दाखवली, तेव्हा त्यानं हात जोडले आणि पुढच्या बाकावरच्या दोघा बाप्यांना उठवलं.

अचलपुरात पोचेस्तोवर दिवस कलला होता. दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर पाणी शिंपडलेलं, हळदीची चिमूट पडलेली. आत चुलीचा उजेड. दोघींनी घाईनं मुखवटे उघडले, हातांत धरले, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. हाक मारावी असं जमुनाला वाटलं, पण दुर्गाबाईनं मानेनंच नको म्हटलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला. एके काळी दुल्हा दरवाजापर्यंत जाणारा तो आवाज आता ओसरीपर्यंतही धड पोचत नव्हता.

“कोण आलं?”

“लेक आली,” दुर्गाबाई म्हणाली.

आत काहीतरी हातातून पडलं.  दुर्गाबाईला वाटलं, आपण चुकलो, म्हातारीला धक्का बसला, धावत जावं. पण चालत आलेली रीत आहे, आत जाता येत नव्हतं. मग अगदी सावकाश, एकेक शब्द चाचपत, दुसरा सवाल आला, आणि दुर्गाबाईनं जवाब दिला. तिसरा यायला इतका वेळ लागला की जमुनानं मुखवटा छातीशी टेकवून धरला.

“कोणासंगं आली?”

“बहिणीसंगं आली,” दोघी एकदम म्हणाल्या. आणि दुर्गाबाईला रडू फुटलं, चारचौघांत फुटू नये तसं.

आतून चौथं वाक्य आलं, पण ते सगळं ऐकू आलं नाही. दोघी उंबरा ओलांडून आत गेल्या. गव्हानं भरलेल्या दोन हंड्यांवर त्यांनी मुखवटे बसवले, कारण कोथळ्या कुठल्या आता तिथं. मैनाबाई चुलीपासून हलेना. पूजेपुढं येऊ नये हे सहा सालं काय, चौदा सालं तिनं पाळलं होतं. दुर्गाबाईनं तिचा हात धरला आणि तिला ओढूनच आणलं. म्हातारीनं हात पुढं करून चाचपलं. हनुवटीवरची खोक बोटाला लागली तेव्हा म्हणाली, ही माझ्याच हातून पडली होती, लग्नाच्या दुसऱ्या साली. मग शेजारचीचा गाल चाचपला. आणि मग फळीवरची दोन पिल्लं आणून स्वतः त्यांच्यापुढं ठेवली.

दोन दिवस घरात जीव आला. पार्बताबाई आली, पुऱ्यातल्या बाया आल्या, जुन्या पोट्ट्यांच्या बायका नमस्काराला आल्या आणि शिव्या खाऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी दोऱ्यांच्या गाठी घालून झाल्या, तेव्हा दुर्गाबाई म्हणाली, आत्याबाई, आता या इथंच राहतील, आम्ही दर साली येऊ. मैनाबाईनं मान हलवली. म्हणाली, मी आज हाये, उद्या नाई. माझ्यामागं कुलूप लागंल अन् या अंधारात बसतील. चौघंही एका घरी ठेवा. कोणाच्याबी ठेवा, पण संगं.

“लेकरं?” जमुनानं विचारलं.

“लेकरंबी न्या. मायपाशी राहू द्या.”

मग मैनाबाईनंच विचारलं, कोणाच्या घरी?  दुर्गाबाईच्या डोळ्यांपुढं रामदासपेठेतली ती खोली आली, महालक्ष्म्यांसाठीच बांधलेला ओटा आला, दर साली जेवायला येणारी सगळी पंगत आली. थोरली ती होती. तिनं म्हटलं असतं तर जमुना अक्षर बोलली नसती. दुर्गाबाई म्हणाली, जमुनाकडं. अमरावतीची बस थेट आहे, तुम्हालाही यायला सोपं.

मैनाबाई तिच्याकडं वळली. दिसत नव्हतं तरी बरोबर तिच्या तोंडाकडं पाहत म्हणाली, “तवाच समजलं होतं मले, हे वकिलाचं डोकं नोहे. तवा चुकली, आज सावरली. झालं, रडू नको आता.”

सासू सगळं जाणून होती. सहा सालं जाणून होती आणि दर संक्रांतीला हातचा तिळगूळ घेत होती. दुर्गाबाईनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

बरोबर चला म्हणून दोघींनी पुष्कळ विनवलं. मैनाबाई म्हणाली, पुढच्या भाद्रपदात येईन, चौघंही असतील तिथं सवाल विचारायला मीच लागंन ना. बस घरावरून गेली तेव्हा ती दारात उभी होती, बस कुठल्या अंगाला गेली ते न कळून भलतीकडं हात हलवत होती. चौघं टोपल्यांत होती. फळी रिकामी होती.

पौषात मैनाबाई गेली. झोपेतच गेली, कोणाला उठवलं नाही. पार्बताबाईनं दुर्गाबाईला सांगितलं, पोरं तुम्ही नेली तरी बुढी रोज जेवायच्या आधी त्या रिकाम्या पाटावर दोन घास ठेवायची. विचारलं तर म्हणायची, सवय हाये. हे ऐकून दुर्गाबाईला कुठं तोंड लपवावं कळेना. चौघांना एकत्र आणलं आम्ही, तिला वाटलं, आणि पाचवीला एकटी ठेवून आलो. ही बोच पुढं तिच्या मनातून कधी गेली नाही, कोणी समजूत घातली तरी नाही.

चौसष्टच्या भाद्रपदात दुर्गाबाई अकोल्याहून निघाली. पोरं शिकायला नागपूरला, नवरा कोर्टात. घराला कुलूप घालताना तिला त्या ओट्याकडं पाहवलं नाही. अमरावतीला पोचली तर देवमनचं घर माणसांनी भरलेलं. आंबील चुलीवर चढवून ती तिथंच ढवळत उभी राहिली. दिवस कलला. बाहेर जमुना ज्येष्ठा घेऊन उभी, तिची लेक कनिष्ठा घेऊन, मागं दोन लहान पोरं एकेक पिल्लू घेऊन. सगळे थांबले.  दुर्गाबाईही थांबली, सवयीनं कान लावून, आतल्या आवाजाची वाट पाहत.

मग जमुना बाहेरून हळूच म्हणाली, “बाई, तुमी इचारा ना.”

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आत आपणच उभ्या आहोत. तिनं विचारलं. कोण आलं, कुठून आली, कोणासंगं आली. जवाब सगळ्या घरानं मोठ्यानं दिले, पोरांनी तर ओरडूनच. आता चौथं वाक्य राहिलं. जमुनानं उंबऱ्यावर एक पाय उचलून धरला होता, तो तिला खाली ठेवता येत नव्हता.  मग भिंतीला हात टेकून, सासूच्याच बोलीत, दुर्गाबाई म्हणाली, “या. माय वाट पाहून राहिली.”

जमुना आत आली. दुर्गाबाईला तिथंच खाली बसून रडावंसं वाटत होतं, पण आंबील उतू जायला आली होती.